चुकणारा ठोका : जुन्या मोटारीच्या निदानविद्येची हकीकत

मोटार बिघडली म्हणजे ती बंद पडते, असा सर्वसाधारण समज आहे. पण बंद पडलेली मोटार दुरुस्त करणाऱ्याला फारसें कोडें घालीत नाहीं. खरी परीक्षा पाहते ती चालू असूनही नीट न चालणारी मोटार. जागेवर उभी असतां तिचें इंजिन हिसके देत फिरतें, मधूनच एखादा ठोका गाळतें, बॉनेट थरथरतें, आरशांतील रस्ता हलूं लागतो, आणि चढ लागला कीं गाडीचा दम तुटतो. गॅरेजांतील लोक या विकाराला थोडक्यांत 'मिसिंग' म्हणतात. गाडी 'मिस' मारते, गाडी 'तिनावर' चालते, अशीही भाषा तेथें ऐकूं येते. हा विकार ओळखावयाची विद्या मोटारीइतकीच जुनी आहे. तिचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो. कारण ती ग्रंथांत फारशी उतरली नाहीं, ती माणसांच्या कानांत आणि बोटांत राहिली. त्या विद्येची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

या हकीकतीसाठीं कोकणांतील तळेरें हें गांव डोळ्यांपुढें ठेवणें सोयीचें आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग खारेपाटण ओलांडून कणकवलीकडे वळतो, त्या वाटेवर हें गांव लागतें. येथून पूर्वेस वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्यास व पुढें कोल्हापुरास जातां येतें. पश्चिमेस विजयदुर्गाचें बंदर आहे. म्हणजे लांब पल्ल्याचा महामार्ग, सह्याद्रीचा घाट आणि खारा समुद्र या तिहींच्या वाटा येथें एकत्र येतात. आणि इंजिनाचा कोणता अवयव दुर्बळ झाला आहे, हें या तिन्ही वाटा आपापल्या परीनें उघड करतात. १९८१ सालच्या १ मे रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला, तोंवर हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. १९९८ सालीं कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावूं लागली. तत्पूर्वीं मुंबईकर चाकरमान्यास गणपतीसाठीं घरीं यावयाचें तर त्याचा मुख्य भरंवसा रस्त्यावरच असे. अशा मुलखांत मोटारीचें निदान ही हौस नव्हती, गरज होती.

प्रथम मूळ यंत्राकडे वळूं. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें. दट्ट्या खालीं जातांना हवा व इंधन यांचें मिश्रण आंत ओढून घेतो. वर येतांना तें दाबतो. दाबलेलें मिश्रण पेटलें कीं त्याच्या जोरानें खालीं ढकलला जातो. आणि पुन्हां वर येतांना जळलेला वायु बाहेर लोटतो. या चारांपैकीं कमाई करणारा टप्पा एकच. बाकीचे तीन त्याची तयारी किंवा आवराआवर करतात. म्हणून तो एक टप्पा चुकला कीं साऱ्या इंजिनाचा तोल जातो. तो न चुकावा यासाठीं तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणांतलें मिश्रण, पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी जोरकस ठिणगी. पुढील जवळजवळ दीडशें वर्षांत यंत्रें पुष्कळ बदललीं, पण ही त्रयी बदलली नाहीं. ठोका चुकण्याचें कारण शोधणें म्हणजे या तिघांपैकीं अपराधी कोण, हें ठरविणें होय.

कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या तीन चाकी मोटारीचें पेटंट मिळविलें, आणि दोनच वर्षांनीं वाटेवरच्या निदानाचा पहिला प्रसिद्ध प्रसंग घडला. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बर्था बेंझ ही नवऱ्यास न सांगतां आपल्या दोन मुलांसह मानहाइम येथून फोर्ट्सहाइम येथें माहेरीं गेली. पल्ला सुमारें शंभर किलोमीटरांचा होता. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या लांब पिनेनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील आवरण झिजलें, तेथें पायमोज्याचा बंद गुंडाळून विजेची गळती थांबविली, असें सांगतात. इंधनाची वाट आणि विजेची वाट : पुढें शंभर वर्षें ज्या दोन ठिकाणीं मिस्त्र्यांचे हात प्रथम जात राहिले, त्या दोन्ही ठिकाणीं या बाईचे हात पहिल्याच प्रवासांत गेले होते. मोटारीच्या निदानविद्येचा आरंभ एका गृहिणीपासून धरावा लागतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्या काळीं ठिणगी हाच सर्वांत लहरी भाग होता. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांतील गोटलोब होनोल्ड यानें १९०२ सालीं उच्च विद्युद्दाबाचा मॅग्नेटो व त्यास साजेसा प्लग तयार केला, आणि ठिणगी पुष्कळ भरंवशाची झाली. त्यानंतर अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची जोडणी बसविली; १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींत ती आली, आणि दोन वर्षांनीं त्याच मोटारींत विजेचा स्टार्टर आला. या जोडणींतील युक्ति मोठी सुबक आहे. पॉइंट मिटलेले असतां कॉइलमधून वीज वाहते व तिच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र तयार होतें. पॉइंट उघडले कीं तें क्षेत्र एकाएकीं कोसळतें, आणि बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. फिरता रोटर तो दाब पाळीपाळीनें प्रत्येक प्लगाकडे पोंचवितो. पॉइंट उघडतांना त्यांच्याच फटींत ठिणगी पडून ते जळूं नयेत, म्हणून शेजारीं एक लहानसा कंडेन्सर असतो.

केटरिंगच्या कंपनीचें नांव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी असें होतें. त्याच्या आद्याक्षरांवरून 'डेल्को' हें नांव झालें. आपल्याकडील जुन्या मिस्त्र्याला 'डिस्ट्रिब्यूटर' म्हटलेलें कदाचित् उमगणार नाहीं, पण 'डेल्को' म्हटलें कीं त्याचा हात बरोबर त्या काळ्या टोपीवर जातो. मग ती मोटार इटलीच्या वळणाची असो वा इंग्लंडच्या. हा शब्द इकडे कसा रुजला असावा, याचा तर्क करणें अवघड नाहीं. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडावयाचा कारखाना काढला, आणि डेल्को हें याच कंपनीच्या घरचें नांव होतें. मोटारी आल्या, कारखाना पुढें बंदही झाला, पण नांव मागें राहिलें. बंदरावरील बोलींत जसे पोर्तुगीज शब्द राहिले, तसेंच हें.

दुसऱ्या महायुद्धानें या विद्येला वेगळेंच वळण दिलें. पेट्रोलावर नियंत्रण आलें आणि कित्येक बसगाड्यांच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या बसल्या. लांकडी कोळसा कोंडून जाळावयाचा व त्यापासून निघणारा वायु इंजिनास पाजावयाचा, अशी ती योजना होती. हा वायु पेट्रोलाच्या मानानें हळू जळतो. म्हणून ठिणगी नेहमींपेक्षां आधीं पाडावी लागे. शिवाय राख व डांबरासारखा चिकटा नळ्यांत बसे. त्यामुळें ठिणगीची वेळ किंचित् पुढें-मागें करून इंजिनाचा स्वर कसा बदलतो, हें ज्ञान त्या पिढीच्या चालकांना व मिस्त्र्यांना सक्तीनेंच मिळालें. १९४८ सालच्या १ जूनला पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली बस सुटली, तेव्हां मोटारीच्या धंद्यांत मुरलेल्या माणसांची हीच पिढी सर्वत्र कामावर होती.

स्वातंत्र्यानंतरच्या काळांत या विद्येला खरी बरकत आली ती टंचाईमुळें. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांतून आरंभीं अमेरिकन वळणाच्या मोटारी निघाल्या. १९५४ पासून फियाट ११०० येऊं लागली. तीच पुढें १९७२ सालीं 'प्रेसिडेंट' आणि १९७४ सालीं 'पद्मिनी' या नांवानें विकली गेली. दुसरीकडे बंगालमध्यें अँबॅसडर तयार होत होती. परदेशी मोटारींवर कडक निर्बंध, नव्या मोटारीसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागे, आणि सुटे भाग हवे तेव्हां मिळत नसत. अशा स्थितींत मोटार वीस-पंचवीस वर्षें वापरावी, आणि तिचा एकेक भाग शेवटच्या श्वासापर्यंत चालवावा, हें ओघानेंच आलें. जेथें सुटा भाग स्वस्त व मजुरी महाग असते, तेथें माणूस शंका येतांच भाग बदलतो. जेथें भाग महाग आणि दुर्मिळ असतो, तेथें तो आधीं विचार करतो. आपल्याकडील निदानविद्या ही अशी गरिबीची लेक आहे, आणि म्हणूनच ती इतकी काटेकोर झाली.

आतां ही विद्या प्रत्यक्षांत कशी चालते, तें पाहूं. फियाट काय किंवा अँबॅसडर काय, इंजिन चार सिलिंडरांचें. जागेवर उभें असतां तें मिनिटास सुमारें आठशें फेरे घेतें असें धरलें, तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटास चारशें व चोहोंत मिळून सोळाशें स्फोट होतात. म्हणजे सेकंदास सुमारें सत्तावीस. इतके ठोके कानास निरनिराळे मोजतां येत नाहींत, त्यांचा एक सलग घोष होतो. पण त्यांतील एक सिलिंडर मेला, तर दर चौथ्या ठोक्यास खळगा पडतो व तो कानास तत्काळ बोंचतो. म्हणून अनुभवी मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वीं गाडीच्या मागें जातो आणि सायलेन्सरच्या तोंडाशीं हात धरून उभा राहतो. तळहातावर येणारे हवेचे फुंकर तो मोजीत नाहीं, त्यांची लय पाहतो.

त्याचा पहिला प्रश्न असा : ठोका ठराविक पाळीनें चुकतो, कीं वाटेल तेव्हां? पाळीनें चुकत असेल, तर दोष एका सिलिंडरापुरता आहे; त्याचा प्लग, त्याची तार, त्याचा व्हॉल्व्ह. वाटेल तेव्हां चुकत असेल, तर दोष चौघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंत आहे. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, रोटर किंवा कार्ब्युरेटर. या एका प्रश्नानें शोधाचें क्षेत्र निम्मेंअधिक कमी होतें. हा प्रश्न न विचारतां जो पाना हातीं घेतो, तो गिऱ्हाइकाचे पैसे आणि आपला दिवस दोन्ही घालवितो.

दुसरा प्रश्न : ठोका केव्हां चुकतो? केवळ जागेवर उभी असतांना, पण वेग घेतल्यावर गाडी नीट चालत असेल, तर कार्ब्युरेटरच्या मंद गतीच्या जेटमध्यें कचरा अडकला असावा. कारण मंद गतीचें इंधन एका निराळ्या बारीक वाटेनें येतें आणि वेग घेतल्यावर दुसरी मोठी वाट उघडते. किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील सांध्यांतून इंजिन 'एअर घेत' असावें. जागेवर असतां मिश्रणाचें प्रमाण इतकें नाजूक असतें, कीं केसाएवढ्या फटींतून शिरलेली हवाही तें पातळ करते. वेगांत तिचा प्रभाव जाणवत नाहीं. संशयित सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडले आणि क्षणभर इंजिनाचा सूर सुधारला, तर चोर सांपडला. उलट, जागेवर ठीक आणि चढावर चुकणारी गाडी असेल, तर ठिणगीकडे पाहावें. चढावर सिलिंडरांत मिश्रण अधिक भरतें व अधिक घट्ट दाबलें जातें. अशा घट्ट वायूंतून ठिणगीला उडी मारण्यास अधिक विद्युद्दाब लागतो. जुना प्लग, थकलेली कॉइल किंवा तडकलेली टोपी सपाटीवर निभावून नेते, पण घाटांत उघडी पडते.

पाळीनें चुकणाऱ्या ठोक्याचा सिलिंडर ओळखावयाची रीत तर शाळेंत शिकवावी इतकी निर्मळ आहे. इंजिन चालू असतां एकेका प्लगाची तार क्षणभर काढावयाची. निरोगी सिलिंडराची तार काढली कीं इंजिन आणखी लंगडतें. मेलेल्या सिलिंडराची काढली तर कांहींच फरक पडत नाहीं. ज्याच्या जाण्यानें कोणाचें अडत नाहीं, तो आधींच गेलेला होता, असा हा न्याय आहे. मात्र या तारांत हजारों व्होल्टांचा दाब असतो, म्हणून हें काम रबरी मुठीच्या चिमट्यानें व जाणत्यानेंच करावें. नव्या मोटारींत तर तें करूंच नये, कारण तेथील इलेक्ट्रॉनिक भाग त्यानें जळण्याची भीति असते.

रोगी सिलिंडर सांपडला, पण रोग कोणता? मिस्त्री त्या सिलिंडराचा प्लग शेजारच्या सिलिंडरांत घालतो आणि शेजारचा येथें आणतो. प्लगाबरोबर विकारही शेजारीं गेला, तर प्लग दोषी. विकार जागचा हलला नाहीं, तर प्लग निर्दोष. आपल्या तर्कशास्त्रकारांनीं ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हटलें, तें हेंच. अमुक असेल तेथें तमुक असतें, आणि अमुक नसेल तेथें तमुक नसतें, हें दोन्ही बाजूंनीं दाखविल्यावांचून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. न्यायाचा ग्रंथ ज्यानें कधीं पाहिला नाहीं, तो मनुष्य तेलकट हातांनीं हाच न्याय रस्त्याच्या कडेला चालवीत असतो.

काढलेल्या प्लगाचें तोंड हें स्वतःच एक टिपण असतें. फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन फार, हवा थोडी. ओला तेलकट काळिमा म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या मार्गिका झिजून तेल वर येतें आहे. पांढरा फटफटीत, फोड आलेला प्लग म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता बेसुमार. पॉइंट काढून पाहिले आणि एकावर टेकडी व दुसऱ्यावर खड्डा दिसला, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. फटी मोजावयाच्या त्याही जपून. पॉइंटाची अर्ध्या मिलीमीटरापेक्षां किंचित् कमी, प्लगाची किंचित् अधिक. इतक्याशा अंतरावर दहा-अकराशें किलोंचा डोलारा घाट चढावयाचा कीं नाहीं, हें अवलंबून असतें.

ठिणगी व इंधन दोन्ही निर्दोष ठरलीं, म्हणजे तिसरा साक्षीदार उरतो तो दाब. प्लगाच्या भोंकावर अंगठा दाबून धरावयाचा आणि दुसऱ्यानें स्टार्टर फिरवावयाचा. निरोगी सिलिंडर अंगठा उडवून लावतो. ज्याच्यापाशीं दाबमापक असेल, तो आंकडे घेतो. दाब कमी भरला तर सिलिंडरांत थोडें तेल घालून पुन्हां मोजतो. तेलानें दाब वाढला तर गळती रिंगांतून, कारण तेलानें तेथील फट तेवढ्यापुरती भरून काढली. वाढला नाहीं तर गळती व्हॉल्व्हांतून. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरला असेल, तर त्यांच्यामधलें हेड गॅस्केट फुटलें असें समजावें. टॅपेटची फट अगदीं नाहींशी झाली असेल, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं आणि जळून जातो. हा दोष प्लग, तार, कॉइल एकामागून एक बदलून सुटत नाहीं. आणि तसें बदलीत बसल्यास तेवढ्या दिवसांत व्हॉल्व्हबरोबर त्याची बैठकही खराब होते. चुकलेलें निदान हें नुसतें वायां जात नाहीं, तें रोग वाढवितें.

आतां तळेरें येथील तीन वाटांकडे पुन्हां पाहूं. कोल्हापूरच्या वाटेवर वैभववाडीपुढें करूळ घाट लागतो. त्या चढणीवर, विशेषतः पावसाळ्यांत, दुर्बळ ठिणगी दगा देते. धुक्याची व पावसाची ओल डेल्कोच्या टोपींत शिरते, आंतील धुळीच्या रेषेवरून विजेला आडवाट मिळते, आणि ठिणगी प्लगाऐवजीं टोपीच्या भिंतीवरून वाहून जाते. एकदां वीज अशा वाटेनें गेली, कीं तेथें कोळशाची बारीक रेघ उमटते आणि पुढें कोरड्या दिवशींही ती तीच वाट धरते. यासाठीं रात्रीं दिवे मालवून बॉनेट उघडावयाचें. तारांवरून सरपटणारी निळी किरणें अंधारांत स्पष्ट दिसतात. दिवसाउजेडीं तासभर शोधून जें हातीं येत नाहीं, तें अंधारांत क्षणांत दिसतें. कोरड्या फडक्यानें टोपी पुसून निघालेली गाडी घाट चढून जाते. पण टोपीस रेघ पडली असेल, तर ती बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं.

विजयदुर्गाच्या बाजूस राहणाऱ्या गाडीचा शत्रु निराळा. खारी हवा बॅटरीच्या टोकांवर, तारांच्या टोप्यांत आणि इंजिनापासून सांगाड्यास जाणाऱ्या जोडतारेच्या मुळाशीं गंज चढविते. त्यामुळें कॉइलला पुरती वीजच पोंचत नाहीं. अशा गाडीचा ठोका कधीं चुकतो, कधीं चुकत नाहीं, आणि मिस्त्री कॉइलवर आळ घेतो. वस्तुतः पुष्कळदां सँडपेपरच्या तुकड्यानें काम भागतें.

मुंबईहून येणारी वाट तिसरी. शेंकडों किलोमीटर चालून तापलेल्या इंजिनांत कॉइल गरम होऊन थकते. थंड झाली कीं पुन्हां नीट चालते. त्याच उष्णतेनें पेट्रोलच्या पंपांत इंधनाची वाफ होऊन प्रवाह तुटतो, आणि तोही विकार ठोका चुकल्यासारखाच भासतो. पंपावर ओलें फडकें ठेवावयाचा तोडगा जुन्या चालकांत सर्वत्र माहीत होता. या तोडग्यांत निदानही दडलेलें आहे : ओल्या फडक्यानें गाडी सुधारली तर दोष इंधनाच्या वाफेचा, न सुधारली तर विजेचा. उपाय हाच पुरावा ठरावा, अशी ती सोय आहे.

या विद्येचे दिवस कसे पालटले, तेंही सांगितलें पाहिजे. २००० सालीं देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें. आरोग्याच्या दृष्टीनें तें अत्यंत इष्ट होतें. परंतु जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचा आधार असे. तो गेल्यावर अशा गाड्यांची टॅपेटची फट वारंवार पाहावी लागूं लागली. त्याच सुमारास कार्ब्युरेटर जाऊन नव्या मोटारींत इंधनाचें इंजेक्शन आलें. पॉइंट व डेल्को नाहींसे झाले, आणि निदानाचें काम संगणकाकडे गेलें. अमेरिकेंत १९९६ पासून मोटारींना दोषांचे ठराविक संकेत बोलून दाखवावयाचें बंधन आलें. आपल्याकडे तशी व्यवस्था २०१० नंतर टप्प्याटप्प्यानें आली. आतां मिस्त्री मोटारीस एक लहानसें यंत्र जोडतो आणि पडद्यावर अंक वाचतो.

पण या अंकांकडे नीट पाहिलें, तर एक मौज दिसते. ठोका वाटेल तेव्हां चुकत असेल तर संकेत येतो पी ०३००. पहिल्याच सिलिंडरांत चुकत असेल तर पी ०३०१, दुसऱ्यांत पी ०३०२, याप्रमाणें. म्हणजे जुन्या मिस्त्र्याचा जो पहिला प्रश्न, तोच संगणकाचाही पहिला प्रश्न आहे. आणि संगणकाला तरी ठोका चुकल्याचें कळतें कसें? इंजिनाच्या दांड्याचा वेग प्रत्येक स्फोटाबरोबर किंचित् वाढतो व मध्यंतरीं किंचित् घटतो. एक स्फोट चुकला कीं त्या वेगांत खळगा पडतो, तो खळगा यंत्र मोजतें. सायलेन्सरपाशीं धरलेला तळहात हाच खळगा ओळखीत असे. साधन बदललें; विचाराची पायरी तीच राहिली.

एवढेंच कीं, हें यंत्र अपराध्याचें घर दाखवितें, अपराधी दाखवीत नाहीं. तिसऱ्या सिलिंडरांत ठोका चुकतो, हें तें सांगेल. पण प्लगामुळें कीं कॉइलमुळें कीं जळक्या व्हॉल्व्हमुळें, हें ठरवावयास पुन्हां अदलाबदल करावी लागते, पुन्हां दाब मोजावा लागतो. जेथें हें केलें जात नाहीं, तेथें संकेतांक वाचून भाग बदलण्याचा क्रम सुरू होतो, आणि बिलाचा आंकडा वाढत जातो. यंत्राने उत्तर दिलें असें समजून जो प्रश्न विचारणें सोडतो, त्याच्यापेक्षां यंत्र नसलेला जुना मिस्त्री पुढेंच असतो.

जुन्या गाड्यांना तर हें यंत्र मुळींच उपयोगी नाहीं. त्यांना बोलावयास तोंडच नाहीं. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनें निरोप घेतला. हौसेनें वा जिव्हाळ्यानें जपलेल्या ज्या फियाट व अँबॅसडर अद्याप आहेत, त्यांच्यापुढें एक नवें कारणही उभें राहिलें आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशांत टप्प्याटप्प्यानें विक्रीस आलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु असतो, म्हणून तेंच जेट ठेवलें तर मिश्रण पातळ पडतें आणि जागेवर इंजिन हिसके देतें. इंजेक्शनची मोटार संवेदकाच्या साहाय्यानें हें प्रमाण आपलें आपण सांवरते, कार्ब्युरेटरची सांवरूं शकत नाहीं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतें व जुन्या जातीचें रबर फुगवितें. गाडी दीर्घकाळ उभी राहिली, तर टाकीच्या तळाशीं पाण्याचा थर सांचण्याचा संभव असतो. कोकणच्या दमट हवेंत तर अधिकच. अशा गाडीच्या मालकानें नळ्या व पडदे बदलून घ्यावे, आणि कोणी प्लग बदला म्हणालें तर आधीं त्याच प्लगाचें पांढरें तोंड त्याला दाखवावें.

गाड्या संपतील, यांत विशेष दुःख मानण्याचें कारण नाहीं. यंत्रें येतात व जातात. परंतु त्यांच्याबरोबर निदानाची ही शिस्त जाऊं नये. आधीं ऐकावें, मग प्रश्न विचारावा, मग एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलाचा परिणाम पाहिल्यावांचून दुसरीस हात लावूं नये. ही शिस्त इंजिनापुरती नाहीं. तिचे जाणते लोक आतां वृद्ध होत चालले आहेत, आणि त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं आपलें ज्ञान कागदावर उतरविलेलें नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं त्यांना आपल्या वर्गांत बोलवावें. विद्यार्थ्यांनीं त्यांचे शब्द व रीति टिपून घ्याव्या. कांहीं गोष्टी मात्र टिपणांत मावणार नाहींत. एक ठोका चुकणाऱ्या इंजिनाचा आवाज कसा असतो, हवा घेणारा सांधा कसा सुसकारतो, घट्ट आणि सैल टॅपेट यांच्या स्वरांत काय अंतर असतें, हें छापील पानावर उतरत नाहीं. तें मुद्रित करून ठेवावयास ध्वनियंत्रच हवें, आणि तें आज प्रत्येकाच्या खिशांत आहे. ज्यांच्या घरीं जुनी गाडी असेल व जवळपास जुना मिस्त्री असेल, त्यांनीं तेवढें एक काम करून ठेवावें : गाडी चालू करावी, त्याला शेजारीं उभें करावें, आणि त्याला काय ऐकूं येतें तें त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें.